कच्च्या फायलींचं विसर्जन

मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. मिरकरवाड्यापासून हातखंब्यापर्यंतची माणसं पडद्यावरच्या काळ्याकुट्ट फोटोकडे डोळे लावून बसली होती. मंचावर छायानाथ महाराज लॅपटॉपला उदबत्ती ओवाळत होते. त्यातलं त्यांचं 'छायादर्शन' सॉफ्टवेअर म्हणे घरातल्या अंधाराच्या फोटोतून वारलेली माणसं काढून दाखवायचं.

"कॅमेऱ्याची रॉ फाइल म्हणजे काय? कच्चं! कच्चं म्हणजे बीज, आणि बीजात आत्मा असतो. तुमचा जेपेग म्हणजे नुसतं कलेवर! छायादर्शना, जागा हो!"

फोटो होता तुळसाबाईंच्या माजघरातल्या अंधाराचा. महाराजांनी बटण दाबलं, काळोख ढवळला आणि त्यातून मिशीवाल्या म्हाताऱ्याचा चेहरा वर आला.

"अगो बाय, माझा बापूस!" तुळसाबाईंनी हंबरडा फोडला. सगळं सभागृह हात जोडून उभं राहिलं. बाप गेला तेव्हा तुळसाबाई पाळण्यात होत्या आणि घरात त्याचा एकही फोटो नव्हता. मग ओळखला कसा, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

गुरुप्रसाद फोटोग्राफरचं लक्ष पडद्याकडे नव्हतंच. तो बघत होता रघूकडे, गावातल्या दुसऱ्या फोटोग्राफरकडे. महाराजांच्या उजव्या हाताला, खांद्यावर शाल घेऊन, रघू नवरदेवासारखा बसला होता. याच रघूला कच्चा फोटो नीट धुता येत नसे, त्याच्या फोटोत आभाळ जांभळं व्हायचं! आणि आता दापोलीपासून लोट्यापर्यंतची लग्नं त्याच्याकडे जात होती, कारण त्याच्याकडे छायादर्शन होतं. वधूवरांच्या मागे वारलेले आजोबा आशीर्वाद देत उभे! परवा एक वधूपिता गुरुप्रसादच्या दुकानात येऊन विचारून गेला, "तुमच्याकडे आजोबा येतात काय हो? नाय? मंग रघूकडेच जातो." तेव्हापासून गुरुप्रसादच्या अंगाचा तिळपापड होत होता. जेवताना रघू, झोपताना रघू.

कच्च्या फायलीत पडद्यावर दिसतं त्याहून जास्त दडलेलं असतं, सावलीतला चेहरा थोडा उजळता येतो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. आणि जो माणूस कॅमेऱ्यासमोर नव्हताच तो कुठल्याही सॉफ्टवेअरने निघत नाही, हेही ठाऊक होतं. पण मत्सराला असली माहिती चालत नाही. रघूला मिळालं ना, मग मलाही हवं, एवढंच त्याला कळत होतं.

म्हणून तो मांडीवर लाल फडक्यात गुंडाळलेल्या दोन हार्ड डिस्क घेऊन बसला होता. आजवर काढलेला प्रत्येक फोटो त्यांत वर्षवार, गाववार लावलेला. छायादर्शनची अट होती की जुन्या मूळ फायली विसर्जित करायच्या. "घरात नवी मूर्ती आली की जुनी पाण्यात सोडता ना? मग फायलींचं तेच!" असं महाराज म्हणत. रघूने तर भाट्याच्या पुलावरून आपल्या डिस्क नारळासकट खाडीत सोडल्या होत्या.

"गुरूभाऊ, हे काय?" शेजारून इफ्फत म्हणाली. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. मासळीचे रॉ फोटो काढायला ती गुरुप्रसादकडेच शिकली होती. "तुम्हीच सांगायचात, मूळ फायलीला हात लावायचा नाही म्हणून."

"तेव्हा रघूच्या गळ्यात हार पडत नव्हते," तो तोंड फिरवून म्हणाला.

"बरं. मग माझा नंबर होईपर्यंत थांबा."

तिचा नंबर लागला. तिने कॅमेऱ्याचं कार्ड महाराजांच्या हाती दिलं. "अम्मीच्या खोलीतला अंधार आहे. मला अम्मी बघायची आहे."

मंत्र झाले, बटण दाबलं, आणि पांढऱ्या केसांची, सुरकुतलेली बाई पडद्यावर आली. लोकांनी हात जोडले. गुरुप्रसाद मात्र ताडकन उठला. आयुष्यभर चेहरे न्याहाळलेले त्याचे डोळे एका जागी अडकले होते.

"इफ्फत, तुझ्या कानात आज जे झुमके आहेत तेच तिच्या कानात कसे?"

"कारण ती मीच आहे," इफ्फत माइकवर म्हणाली. "दारात नाव लिहून घेताना तुम्हा सगळ्यांचा फोटो काढला ना? तोच यंत्राकडून म्हातारा करून घेतात. पुरुष हवा असेल तर मिशी. काळोखात मुळात काहीच नसतं. माझ्या कार्डावरचा फोटो तर मी लेन्सला झाकण लावून काढला होता. आणि माझी अम्मी ही बघा."

मागच्या रांगेतून हफीजाबी उठल्या. "मी जिती हाय रे मेल्या! आनि माझा नाक असा हाय काय?"

सभागृह हसलं. "मंग माझा बापूस?" तुळसाबाईंनी विचारलं. इफ्फतने त्यांचा हात धरला आणि हळूच म्हणाली, "त्या तुम्हीच होतात." तुळसाबाई पदरात तोंड लपवून रडल्या.

"आता दारातल्या फोटोशिवाय एक चेहरा काढा!" गुरुप्रसाद ओरडला. महाराजांनी आज ग्रहमान बरं नसल्याचं सांगितलं, मग लॅपटॉपची वायर गुंडाळायला घेतली. लोकांनी दार अडवलं.

"मूळ फाइल पुसायला का सांगतात, कळलं?" इफ्फत म्हणाली. "ती राहिली तर कुणीही ताडून बघेल! सॉफ्टवेअर फुकटचं घ्या नाहीतर विकतचं. मूळ फोटो जसाच्या तसा ठेवून बदल वेगळे लिहीत असेल, आणि तुम्ही ते सोडताना तुमच्या फायली तुम्हाला परत देत असेल, तरच घ्या."

रघू मंचाच्या कडेला बसून होता. शाल खाली पडली होती. त्याला तसं बघून गुरुप्रसादला आनंद झाला, अगदी पोटभर झाला. तेवढ्यात रघू म्हणाला, "गुरू, आयचा शेवटचा फोटो त्या डिस्कवर होता. खाडीत गेला. तुझ्याकडं कुठं असंल काय रे?"

रघूच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो गुरुप्रसादनेच काढले होते. दोघं दुकानात गेले. लाल फडकं सोडलं, वर्ष उघडलं, गाव उघडलं. पंगतीत वाढता वाढता हसणारी रघूची आई सापडली. फोटो अंधारा होता आणि तिचे डोळे मिटलेले होते. गुरुप्रसादने सावली जराशी उजळली.

"डोळे उघडून देऊ? हल्ली यंत्र देतं."

"नको," रघू म्हणाला. "ते तिचे नसतील."

वाचकहो, गेलेलं माणूस कुणी परत आणून देत नाही. त्याचा खरा फोटो मात्र आपल्या हातात असतो. तो पुसायला सांगणारा कुणीही असो, आधी त्याला विचारा, का?