सहा घोड्यांचं कडं

"सुटले! सहा घोडे सुटले!" साडूभाऊ ओरडला आणि गॅरेजभर टाळ्यांचा कडकडाट झाला. टॅक्सीवाले, टेम्पोवाले, समोरच्या दुकानातला न्हावी, झाडून सगळे पडद्यावरच्या आकड्याकडे बघत होते. मघाशी तिथे ऐंशी होतं, आता शहाऐंशी. मधल्या वेळात काय घडलं? साडूभाऊने बॉनेट उघडून पेट्रोलच्या नळीला तांब्याचं एक कडं बांधलं. बस्स!

माझ्या पोटात दुखत होतं, हे आधीच सांगून टाकतो. गॅरेज आमच्या सासऱ्यांचं. त्यांचे हात थरथरायला लागले होते आणि दोन जावयांपैकी एकाकडे ते आजच किल्ल्या देणार होते. उमेदीची सगळी वर्षं इथे इंजिनं खोलण्यात घालवली ती मी. साडूभाऊ काल-परवा उगवला, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि रोलरवर गाडी पळवून चाकांची ताकद मोजणारं यंत्र घेऊन आला. तेव्हापासून माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. त्याच्या शर्टावर ऑइलचा एक डाग पडावा, एवढीच माझी इच्छा उरली होती.

"मंडळी, जाहिरातीत कंपनी काय सांगते? शंभर हॉर्सपॉवर! चाकापाशी किती भरले? ऐंशी! मग वीस घोडे गेले कुठे? कंपनीने आत बांधून ठेवलेत! तुम्ही पुढची महागडी गाडी घ्यावी म्हणून! माझं कडं पेट्रोलातल्या लहरी जागवतं आणि घोडे आपोआप दावं तोडतात!"

"थापा!" मी न राहवून ओरडलो. "कंपनी नुसतं इंजिन बाहेर काढून, स्टँडवर बसवून मोजते. गाडीत गिअरबॉक्स आणि टायर आपापला वाटा खातात. घोडे कुणी बांधत नाही."

"मग हे सहा कुठून आले?" एका टॅक्सीवाल्याने विचारलं.

मी कडं ओढून काढलं, लोहचुंबक लावून पाहिलं, कानशीने घासलं. निव्वळ तांबं. मुकाट्याने ते परत बांधलं.

"जळतोय बिचारा," न्हावी म्हणाला. लोक हसले. त्याचं खोटं नव्हतं.

सासऱ्यांनी खिशातून किल्ल्या काढल्या. तेवढ्यात माझी बायको पुढे झाली. ती मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, ड्यूटीवरून थेट इकडे आली होती.

"भाऊजी, ही वायर कसली हो?"

"ती? हवेचं तापमान बघते. यंत्राला लागतं."

"मघाशी दाराला टांगलेली होती. कडं बांधताना तुम्ही ती तापलेल्या रेडिएटरमागे का सरकवलीत?"

"सरकली असेल!" साडूभाऊ पहिल्यांदाच अडखळला.

"आमच्याकडे घरी जायचं नसलं की पोरं थर्मामीटर गरम चहात बुडवतात," ती म्हणाली. "ताप थर्मामीटरला येतो, पोराला नाही."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गरम हवा विरळ असते, त्यामुळे इंजिनाची ताकद घटते. मग उन्हात मोजलेलं इंजिन आणि थंडीत मोजलेलं इंजिन यांची तुलना कशी करायची? म्हणून कंपन्या ठरावीक तापमान धरून आकडा दुरुस्त करतात आणि तोच छापतात. यात लबाडी नाही. हे यंत्रही तसंच करतं. हवा तापलेली दिसली की आकडा वाढवून देतं. साडूभाऊने हवा तापवलीच नव्हती, फक्त वायर तापवली होती.

बायकोने वायर पुन्हा दाराला टांगली. कडं जागेवरच ठेवून गाडी पळवली. ऐंशी. मग कडं काढून वायर रेडिएटरमागे खुपसली. शहाऐंशी. या वेळी टाळ्या माझ्या बायकोसाठी वाजल्या. कड्यासाठी रांगेत उभे राहिलेले टॅक्सीवाले एकेक करून बाहेर पडले. साडूभाऊच्या कपाळावर घाम बघून मला जो आनंद झाला तो काही चांगल्या माणसाचा नव्हता.

"जावईबापू, तुम्हाला हे गणित ठाऊक होतं?" सासऱ्यांनी मला विचारलं.

"होतं, बाबा."

"मग दिसलं कसं नाही?"

"मी त्या कड्याकडेच बघत होतो."

त्यांनी किल्ल्या परत खिशात टाकल्या. "एक जण खोटं बोलला. दुसऱ्याला खरं माहीत असून हेव्यापायी दिसलं नाही. तूर्तास माझे थरथरते हातच बरे."

किल्ल्या अजून त्यांच्याकडेच आहेत आणि बायकोला मिळालेल्या टाळ्या अजून मला टोचतात. पण एक शिकलो. भोळा भक्त आणि जळणारा शेजारी, दोघेही भोंदू दाखवील तिथेच बघतात. तेव्हा कुणी चमत्काराचा आकडा पुढे केला तर टाळीही वाजवू नका आणि शिवीही देऊ नका. कशाने मोजला, कुठे मोजला, मध्ये काय काय बदललं, एवढं विचारा. आणि आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा मोजायला लावा.