कोरड्याचं नाव

बहात्तरच्या दुष्काळात सोसायटीच्या विहिरीची जागा बब्रुवाननं दाखवली. तो गावचा पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानभर हिंडायचा. नारळ उभा राहिला की तिथं पाणी. त्या दिवशी नारळ ताठ उभा राहिला. गावानं विहीर खोल खोल खणली अन् लागला तो नुसता काळा पाषाण.

तेव्हापासून गावात जे आटेल ते ‘बब्रुवान’. आड बब्रुवान झाला, म्हैस बब्रुवान झाली. पुढं पाऊस आला, डेअरी आली, पण शब्द काही गेला नाही. दूध मापणारा बाबू तर केशरबाईचीच किटली हलवून विचारायचा, ‘‘आज बब्रुवान का?’’

केशरबाई बब्रुवानची बायको.

‘‘बाबू, तेवढा शब्द सोडून बोलत जा की.’’

‘‘कंचा शब्द, वैनी?’’

नवऱ्याचं नाव तिनं लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतलं नव्हतं. ‘‘त्योच. तू म्हनतोस त्यो.’’

‘‘नाव सांगा, लगीच सोडतो.’’

रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

केशरबाई शाळेत पाणी भरायची. एकदा रांजण भरताना शरणप्पा गुरुजींचा इंग्रजीचा तास कानावर पडला. बॉयकॉट नावाचा एक साहेब होता. लोकांनी त्याला वाळीत टाकलं, तेव्हापासून बहिष्काराचं नाव बॉयकॉट. मान उडवायच्या यंत्राला गिलोटिन म्हणतात, ते एका डॉक्टरचं आडनाव. अन् यंत्र त्यानं केलंही नव्हतं.

तास सुटल्यावर ती दारात थांबली. ‘‘गुरुजी, त्या डाक्टरच्या घरच्यांनी काय केलं वो?’’

‘‘यंत्राचं नाव बदला म्हणून सरकारकडं गेले, असं सांगतात. सरकार ऐकेना. शेवटी त्यांनी आपलंच आडनाव बदललं.’’

‘‘आन् आमी ह्या वयात काय बदलावं?’’

गुरुजी खडूचे हात झटकत राहिले.

पुढं दारासमोर सरकारी हापसा आला. चैत्रात एका सकाळी ती दांडा मारून मारून घामाघूम झाली. ओट्यावरून बब्रुवाननं विचारलं, ‘‘आलं का पाणी?’’

‘‘कुठलं पाणी? बब्रुवान झालाय मेला.’’

दांडा वरच राहिला. तिनं जीभ चावली, पण शब्द बाहेर पडून गेला होता.

बब्रुवान पायाच्या नखांकडं बघत म्हणाला, ‘‘घेतलंस की नाव. उखाण्याबिगर.’’

केशरबाईनं दांडा पुन्हा दाबला. नळीत नुसता वारा वाजला.