आवाजी मतदान

सेनगावचे रिटायर कारकून बंडोपंत रोज टीव्हीवर लोकसभा बघत. विधेयकावर अध्यक्ष आधी ‘हो’वाल्यांचा आवाज ऐकणार, मग ‘नाही’वाल्यांचा, नुसत्या आवाजावर कायदा! त्यांना हे भारी बराबर वाटे.

एक वाजता सभागृह जेवणासाठी तहकूब झालं. बंडोपंतांनी टीव्ही बंद केला आणि रिकाम्या घरात खणखणीत आवाजात ठराव मांडला, “चहा टाकावा. बाजूने असतील त्यांनी हो म्हणा.”

“हो,” तेच म्हणाले.

“विरोधात?”

आणि ते थांबले. बायको, गंगूताई, होती तोवर या वेळेचा चहा कधी मंजूर झालाच नव्हता. “जेवायच्या टायमाला काहून चहा?” ती स्वयंपाकघरातूनच कडाडायची. तिला जाऊन वर्ष झालं होतं.

बंडोपंत बराच वेळ स्वयंपाकघराकडं कान लावून बसले. ठराव एकमतानं मंजूर झाला. चहा मात्र त्यांनी टाकलाच नाही.