माझ्या शेजारी बसून सांगितलेलं खोटं

मित्रांनो, नुसत्या डोळ्यांना जे दिसत नाही ते दाखवणारा मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझी भिंगं घासून पितळी नळीत बसवली आणि मला एका प्रयोगशाळेत धाडलं. तिथले शास्त्रज्ञ, म्हणजे आमचे सर, गोवराच्या लशीवर काम करत. विषाणू पेशींची कशी नासधूस करतो, ते माझ्यातून बघता बघता त्यांचा चहा गार होई. अखेर लस यशस्वी झाली. रुग्णालयातला गोवराचा कक्ष ओस पडला. सरांचा सत्कार झाला. त्यांनी मला शेजारी ठेवून फोटो काढून घेतला. केवढ्या ऐटीत होतो मी!

पुढे नवी यंत्रं आली, नवी माणसं आली. एका सभेत सरांचं बोलणं कुणीतरी हसून मध्येच तोडलं. ते त्यांच्या जिव्हारी लागलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला घरी आणलं आणि एक दिवस व्हिडिओ काढायला मोबाइलसमोर मांडलं.

"ही लस मी बनवली आहे," ते म्हणाले, "म्हणूनच सांगतो, मुलांना देऊ नका."

लशीनं अपाय होतो याला पुरावा काडीचाही नव्हता. माझ्या नळीला त्यांनी डोळासुद्धा लावला नव्हता. पण हजारो लोकांनी वाहवा केली आणि सरांचा चेहरा उजळला. मग हे रोजचंच झालं.

त्यांची डॉक्टर मुलगी तणतणत आली. "बाबा, लोक तुमच्या शब्दावर विसंबतात हो! दादानं त्याच्या छकुलीला लस दिली नाही."

"बरंच केलं," सर म्हणाले.

त्याच वर्षी गोवराची साथ आली. छकुली, सरांची नात, तापानं फणफणली. ताप मेंदूत गेला. तिला स्मशानात पोचवून मुलगा घरी आला तो थेट सरांसमोर उभा राहिला.

"बाबा, मला कळत नव्हतं. तुम्हाला तर कळत होतं ना?"



नंतर सरांनी मोबाइलसमोर हात जोडले. "मी चुकलो. मुलांना लस द्या." लोक म्हणाले, म्हातारा घाबरला, कुणीतरी दम दिला असणार. जुना व्हिडिओ मात्र अजून घरोघर फिरतो. त्यात मी लखलखतो आहे, साक्षीदारासारखा.

मुलगा आता या घराची पायरी चढत नाही. सर भिंतीकडे बघत बसतात. माझ्या भिंगांवर बुरशी चढली आहे.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण कितीही मोठा माणूस असो, त्याला एवढं विचारा, "तुम्ही हे स्वतः पाहिलंत का?" छकुलीसाठी हे कुणीच विचारलं नाही, आणि मला तर बोलता येत नव्हतं.