यंत्राच्या कोपरावरची हळद

आईवडिलांनी त्यांचे नाव पंडित ठेवले, येथपर्यंत ठीक होते. त्यांनी ते मनावर घेतले, तेथून घोटाळ्यास आरंभ झाला. धुळ्याच्या संस्कृत पाठशाळेत उभा जन्म न्यायशास्त्र शिकवून पंडितनाना निवृत्त झाले आणि जळगावी पुतणीकडे राहावयास आले. सोबत थोडी धोतरे, पूजेचे पितळी संपुष्ट आणि कुड्याच्या सालीच्या काढ्याची कृती होती. कृती गुरूंनी दिलेली. पोटाच्या विकारावर याहून श्रेष्ठ औषध त्रिभुवनात नाही, असे नाना सांगत. त्रिभुवनापैकी आपण धुळे आणि जळगाव एवढेच पाहिले आहे, हे त्यांना ठाऊक होते. परंतु ते कोणी विचारीत नसे.

पुतणी सुलक्षणा हिने औद्योगिक वसाहतीत लहानशी प्रयोगशाळा थाटली होती. नवे औषध शोधावयाचे तर शेकडो अर्क थेंबाथेंबाने तपासावे लागतात. माणसाचा हात थकतो, चित्त चळते. म्हणून तिने एक यांत्रिक हात घडवला होता. काचेच्या पेटीत उभा राहून तो एका ताटलीतल्या इवल्या खळग्यांत अर्क सोडी, त्यांत जंतू मिसळी आणि अखेरीस ती ताटली निळ्या प्रकाशाखाली धरी. ज्या खळग्यात जंतू मेले, तो पिवळसर हिरवा चमके. नानांना त्या हाताविषयी खरोखर आदर होता. संध्या करताना आपले आचमनाचे पाणी धोतरावर सांडते आणि हा मात्र थेंब सांडीत नाही, याचे त्यांना वैषम्यही वाटे.

खंडेनवमीच्या दिवशी एका औषध कंपनीच्या कामिनी मॅडम हे यंत्र पाहावयास येणार होत्या. पसंत पडले, तर अशी यंत्रे जळगावातच घडणार होती. न पडले, तर प्रयोगशाळेला कुलूप आणि सुलक्षणेला पुण्याची नोकरी.

"नाना, तुमच्या हट्टासाठी काढा घालते एका खळग्यात," सुलक्षणा आदल्या दिवशी म्हणाली. "पण यंत्राला गंधफूल नाही हं. नमस्कार बाहेरून."

"अगं, खंडेनवमी आहे. लोहाराच्या घणालासुद्धा हळद लागते."

"घण औषध शोधत नाही, नाना."

उत्तर बिनतोड होते. म्हणूनच नानांनी ते मानले नाही.

सकाळी सुलक्षणा पाहुण्यांना आणावयास स्टेशनावर गेली. यंत्राची देखभाल करणारा अभिमन दाराला आंब्याचे तोरण बांधीत होता. नानांनी पेटीची काच हळूच सरकवली, हात जोडले आणि यांत्रिक हाताच्या कोपरावर हळदीचे एक बोट, कुंकवाचे एक बोट ओढले. फूल वाहिले नाही. पुतणीचा निम्मा शब्द पाळल्याचे समाधान मानून ते खुर्चीत येऊन बसले.

पाहुण्या आल्या, चहा झाला, यंत्र सुरू झाले. हात वाकला, वळला, लवला. नानांना तो फार भाविक दिसला. शेवटी निळा प्रकाश लागला.

"नाना! तुमना काढा चमकी गया ना भो!" अभिमन ओरडला.

नाना उठले. उपरणे सारखे केले. गुरूंचे स्मरण करून त्यांनी कुड्याच्या माहात्म्यावर बोलावयास प्रारंभ केला. या प्रसंगाचे भाषण गेली कित्येक वर्षे त्यांच्यापाशी तयार होते, त्यामुळे अडखळण्याचा प्रश्न नव्हता. गुरुपरंपरा संपून प्रत्यक्ष काढा येण्याच्या आतच सुलक्षणा म्हणाली, "नाना, थांबा जरा."

तिचा चेहरा उतरला होता. "मॅडम, हा शेजारचा खळगा कोरा आहे. यात औषध घातलेलंच नाही."

"मग हा कसा चमकतोय?"

"आते कोरा बी औषध व्हई गया," अभिमन पुटपुटला.

"हात गळत असणार," सुलक्षणा म्हणाली. "एका खळग्यातला थेंब दुसऱ्यात पडतोय. असं यंत्र मी तुम्हाला देऊ शकत नाही."

नानांची दृष्टी कोपराकडे गेली. हळदीचे बोट निम्मे उरले होते.

धूर दिसला म्हणजे अग्नी असतो, हे नाना जन्मभर शिकवीत आले होते. त्याबरोबर हेही शिकवीत, की धुक्यालाच धूर समजून जो अग्नी शोधावयास निघतो, तो थंडीत कुडकुडतो. अशा फसव्या कारणाला हेत्वाभास म्हणतात, आणि तो ओळखता न आल्यामुळे त्यांनी कैक विद्यार्थी अनुत्तीर्ण केले होते. आज परीक्षक तेच आणि अनुत्तीर्णही तेच. तरीही क्षणभर त्यांच्या मनात आले, की गप्प राहिले तर यंत्र दोषी ठरेल, पण काढा चमकलेला तर सर्वांनी पाहिला! हा विचार आपला आहे, हे पाहून त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

"सुलू, यंत्र गळत नाही. हळद गळते आहे."

"कसली हळद?"

"मी वाहिलेली. सकाळी. कोपरावर."

"नाना! मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंस. फूल नाही वाहिलं."

"कुंकू?" कामिनी मॅडमनी विचारले.

"तेही," नाना म्हणाले. "पण बेताचं."

सुलक्षणेने हात उतरवला, स्पिरिटने पुसला, नवी ताटली मांडली. यंत्र पुन्हा सुरू झाले. या वेळी नानांनी भाषणाची जुळवाजुळव केली नाही; फक्त गुरूंना मनोमन विनवले, की हळदीवाचूनही चमकू द्या.

निळा प्रकाश लागला. ज्या औषधाचा गुण आधीच सिद्ध होता, तो खळगा लख्ख उजळला. कोरा खळगा काळोखात राहिला. नाना इतके पुढे वाकले, की त्यांच्या श्वासाने काच धुरकटली. ती त्यांनी उपरण्याने पुसली. काढाही काळोखात होता.

"काढ्यात काही दिसत नाही, नाना," कामिनी मॅडम सौम्यपणे म्हणाल्या.

"नाही दिसत," नाना म्हणाले. काढ्याविषयी इतके आखूड विधान त्यांनी आयुष्यात प्रथमच केले होते.

मॅडम सुलक्षणेकडे वळल्या. "हळद निळ्या प्रकाशात स्वतःच चमकते. पहिल्या खेपेला ती होती, तर दिसली. दुसऱ्या खेपेला नव्हती, तर नाही दिसली. मला यंत्राकडून एवढंच हवं होतं. पसंत आहे. फक्त या पेटीला कुलूप बसवा."

दसऱ्याला कुलूप बसले. संध्याकाळी आपट्याची पाने घेऊन नाना प्रयोगशाळेत गेले, सुलक्षणेला आणि अभिमनला सोने दिले, आणि पेटीसमोर उभे राहिले.

"नाना, किल्ली देऊ का?" अभिमनने हसत विचारले.

"नको रे बाबा."

नमस्कारासाठी त्यांनी हात उचलले मात्र, तोच नखांत राहिलेला पिवळेपणा त्यांच्या दृष्टीस पडला. मध्ये काच होती, कुलूप होते. तरी नानांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि नुसती मान लववली.