मास्तरांचा ब्रेक

मास्तरांनी अर्ध्या शहराला गाडी शिकवली होती. उरलेलं अर्धं शिकायचं राहिलं ते अर्धांगाचा झटका आला म्हणून, असं ते स्वतःच सांगत. त्यांच्या शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता. तिथे बसून मास्तर तोंडाने "चालवा, बिनधास्त चालवा" म्हणायचे आणि उजवा पाय त्या ब्रेकवरून क्षणभर हलवायचे नाहीत. शिकणारे त्यांना पाठीमागे ब्रेकमास्तर म्हणत, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

आता डावा पाय ओंडक्यासारखा झाला होता आणि मास्तर रुग्णालयाच्या तळमजल्यावर एका रोबोच्या ताब्यात होते. अंग वरून पट्ट्यांनी तोललेलं, कंबर-मांड्या-पोटऱ्या सांगाड्याला बांधलेल्या, पायाखाली सरकता पट्टा. गुडघ्याजवळच्या मोटारी घूं करत पाय उचलायच्या आणि पुढे टाकायच्या. निदान टाकायला हव्या होत्या. मास्तरांच्या बाबतीत जेमतेम एखाददुसरं पाऊल पडायचं, की यंत्र पीं करून थांबलंच.

"काका, त्याच्याशी झटापट करू नका. पाय सैल सोडा," फिजिओ म्हणायची. मुलगी अंगाने किरकोळ, पण आवाज असा की बसलेल्या माणसाने आपोआप ताठ व्हावं.

"मी कुठे झटापट करतोय? तुझ्या यंत्रातच खोट आहे."

यंत्रात खोट नव्हती. बाकीचे रोगी त्यावर मजेत चालत होते. अडत होता तो मास्तरांचा धडधाकट उजवा पाय, आणि तो का अडतो हे कुणालाच कळत नव्हतं. आठवड्याअखेर मोठे डॉक्टर तपासायला येणार होते. प्रगती दिसली नाही तर रोबोवरची जागा रांगेतल्या पुढच्या रोग्याला मिळणार आणि मास्तरांची व्हीलचेअर कायमची होणार. मास्तर वरून कितीही गुरगुरले तरी आतून पुरते घाबरले होते.

मास्तरीणबाई रोज भिंतीजवळच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसायच्या. मध्ये बोलायची त्यांना सवय नव्हती. त्या दिवशी यंत्र पुन्हा थांबलं तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही.

"अहो, ब्रेक दाबताय तुम्ही."

"कसला ब्रेक?"

"उजवा पाय बघा ना. टाच टेकलेली, चवडा दाबलेला. मला शिकवताना अस्संच करायचात. मी गिअर टाकला की तुमचा ब्रेक. शेवटी मी शिकलेच नाही गाडी."

फिजिओने वाकून बघितलं. खरंच तसं होतं. आपण पुढे जातोय आणि चालवणारा दुसराच आहे, एवढं जाणवलं की मास्तरांचा पाय खाली जायचा. बिचाऱ्याने हयातभर तेच केलं होतं.

मास्तर ओशाळले. मग हसले, अर्ध्याच तोंडाने, कारण उरलेलं अर्धं अजून संपावर होतं. "म्हणजे आता मी शिकाऊ," ते म्हणाले, "आणि हे धूड माझं मास्तर."

म्हणणं सोपं होतं, पायाला पटवणं महाकठीण. मास्तरांनी डोळे मिटले, दात आवळले, यंत्राच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण अखेर चवडा सुटला. पट्टा सरकला तो सरकतच राहिला, आणि मास्तर चालायला लागले.

"चाललो की नाही?" खाली उतरल्यावर त्यांनी विचारलं.

"चाललात. पण खरं सांगू का काका? डावा पाय सगळा यंत्राने उचलला."

तिला वाटलं, म्हातारा खचेल. मास्तरांनी नुसती मान डोलावली.

"मीही तेच करायचो. पोरं घरी जाऊन सांगायची, आज भर बाजारातून गाडी काढली. स्टिअरिंगवर हात माझा असायचा. मग मी तो हळूहळू काढून घ्यायचो, पण सांगायचो नाही. सांगितलं की ती गर्भगळीत व्हायची. तूही मला सांगू नकोस."

तिने नाही सांगितलं. मास्तर मात्र रोज कुरकुरायचे, "आज फार जड चाललंय हे, तेलबिल घाला," आणि ती साळसूदपणे "घालते" म्हणायची. घरी ते जेवताजेवताच पेंगायला लागले होते.

मोठे डॉक्टर आले. मास्तर घामाने निथळत चालले. डॉक्टर पडद्याकडे बघत राहिले.

"डाव्या पायाला मदत किती दिली आहे?"

"काहीच नाही, सर. कालपासून बंदच आहे."

पट्टा थांबला. मास्तरांचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. त्यांनी आपल्या डाव्या पायाकडे असं पाहिलं, जसं रुसून गेलेलं माणूस दारात दिसावं.

"सोडव मला यातून," ते फिजिओला म्हणाले.

तिने डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. एकेक पट्टा सुटला आणि मास्तर साध्या फरशीवर उभे राहिले. फिजिओचा हात त्यांच्या पाठीशी होता, पण टेकलेला नव्हता. मास्तरीणबाई घाईघाईने उठल्या आणि दोन्ही हात पुढे करून धावल्या.

"तू बस," मास्तर म्हणाले. "मी येतो तिथं."

त्या बसल्या. नवरा लटपटत असताना बसून राहणं किती अवघड असतं, हे त्यांचं त्यांनाच माहीत. डावा पाय घासला, अडला, उचलला गेला, टेकला. मग उजवा. मग पुन्हा डावा. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांना सवड नव्हती.

बाकाशी पोचल्यावर त्यांनी भिंतीला हात लावला आणि धापा टाकत बायकोकडे बघितलं.

"सरक जरा," ते म्हणाले.

मास्तरीणबाई हसत, रडत सरकल्या, आणि मास्तर त्यांच्या शेजारी बाकावर बसले.