चारच गोचिडी

कळंबला गोचिडीचं कौतुक कुणाला नव्हतं. जनावर आलं की गोचीड आली. औषधं मारून मारून माणसं टेकीला आली आणि गोचिडी मात्र निर्ढावल्या. म्हणून संशोधन केंद्राच्या केशव सरांनी दुसरी वाट धरली होती. जिच्या अंगावर गोचीड टिकतच नाही अशी गाय हुडकायची आणि तिची पैदास वाढवायची. सर बारामतीत पंख्याखाली बसून वाट धरत. तिच्यावरून चालायचं काम त्यांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या रेश्माचं.

तीन वर्षं दर दुसऱ्या गुरुवारी ती चाळीस गाई मोजत होती. गाईच्या एका अंगाला उभं राहायचं, कानापासून कासेपर्यंत बोटं फिरवायची आणि ज्वारीच्या दाण्याएवढी फुगलेली प्रत्येक गोचीड वहीत मांडायची. कुणाच्या गाईवर साठ निघत, कुणाच्या ऐंशी. कौसल्याबाईंच्या चांदीवर मात्र चार. कधी तीन, पण चाराच्या वर नाहीच. बरं, चांदी संकरित, भरपूर दुधाची. अशा गाईवर तर गोचिडी आवतण दिल्यासारख्या तुटून पडतात. रेश्माचा आधी विश्वासच बसेना. मग बसला तो असा बसला की उठायचं नाव घेईना.

शेवटची परीक्षा म्हणून महिन्यापूर्वी तिनं चांदीला केंद्राच्या पिंपळीच्या गोठ्यात न्यायचं ठरवलं. कौसल्याबाईंनी गाईला हळदकुंकू लावलं, पुरणपोळीचा घास भरवला आणि टेम्पोपाशी येऊन विचारलं, "म्याडम, मी येऊ का संगं?"

रेश्मा हसली. "मावशी, तिथं माणसं आहेत हो."

पिंपळीला चांदीला गोचिडींनी भरलेल्या गुरांत बांधलं. तिसऱ्या आठवड्यात तिच्या कानात बोट ठेवायला जागा उरली नाही. अंग तापलं, मानेजवळच्या गाठी सुजल्या. गोठ्यावरचा दीपक म्हणाला, "म्याडम, ह्यो गोचीड ताप हाय. आत्ताच्या आत्ता इंजेक्शन द्यायला सांगा."

"दोन दिवस थांब. ही गाय वेगळी आहे, तिची तीच झटकेल," रेश्मा म्हणाली. औषध दिलं की परीक्षा मोडली, ही तिची खरी भीती होती. तिसऱ्या दिवशी इंजेक्शन दिलं, तेव्हा चांदीचे डोळे आतून पांढरेफटक पडले होते. दुपारी चांदी गेली.

असली बातमी फोनवर सांगायची नसते. दुसऱ्या दिवशी गुरुवारच होता. रेश्मा कळंबला पोचली. कौसल्याबाई "बसा, च्या टाकते" म्हणून आत गेल्या. दावणीला चांदीची कालवड, बिजली, उभी होती. सवयीनं रेश्माचा हात तिच्या कानामागं गेला, मानेखाली गेला, कासेपर्यंत फिरला.

चार. फक्त चार!

रेश्मानं पुन्हा एकदा मोजल्या. आई गेली, पण गुण लेकीत उतरलाय. तीन वर्षं पाण्यात गेली नव्हती. चांदी दुसऱ्याच कशानं तरी मेली असेल. एवढ्याशा आधारावर तिनं चहाचा कप हातात घेतला आणि बातमी सांगितली.

कौसल्याबाई खाली बसल्या. त्यांनी पदराचं टोक पिळलं. मग म्हणाल्या, "तितं तिच्या गोचडी कोण काढत हुतं?"

"काढत होतं म्हणजे?"

"आवो, तुमी गुरुवारी यायच्या म्हणून मी सकाळच्याला बसून काढायची. पाव्हणं यायचं म्हणल्यावर आपण घर न्हाय का झाडत? गाईच्या अंगावर गोचडी लोंबत्यात आन् म्याडम मोजत्यात, ही लाज कुणाला सांगावी? मदल्या दिसांतबी काढायची. माझा हात फिरल्याबिगर ती धारंला उभी ऱ्हात न्हवती."

"मावशी, मी सांगितलं होतं ना, काही करायचं नाही म्हणून!"

"औषीद मारू नका म्हणला हुता. तेल लावू नका म्हणला हुता. हातानं काढू नका असं कवा म्हणला?"

रेश्माला गाईंच्या मालकांकडून भरून घ्यायचा फॉर्म तोंडपाठ होता. औषध, तेल, फवारणी, धुरी. हाताचा रकाना कुणाला सुचलाच नव्हता. तिला स्वतःची इतकी चीड आली की कप खाली ठेवताना चहा सांडला.

"मग सगळ्याच का नाही काढल्या?" तिनं विचारलं. "चार कशाला ठेवायच्या?"

कौसल्याबाईंनी डोळे पुसले. अंगठ्याच्या नखात सकाळचं काळं रक्त अजून तसंच होतं.

"तुमी बारामतीस्नं यवढ्या उन्हाचं येनार. रिकाम्या हातानं कसं माघारी धाडायचं तुमास्नी? वहीत ल्ह्यायला कायतरी पायजेल का न्हाय?" त्या बिजलीकडं बघत म्हणाल्या, "आजबी ठिवल्यात. मोजल्या का?"

"मोजल्या, मावशी," रेश्मा म्हणाली.